डीएल-१०३ ला कोणता स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर? आधी पलीकडच्या ४७ किलोओहमकडे बघा

प्रश्न असा आहे. पुण्यातल्याच एका श्रोत्याने डेनॉनची डीएल-१०३ ही मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी कार्ट्रिज (रेकॉर्डवरची सुई जिच्यात असते ती) घेतली. फोनो प्रीअँपला (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या अँपला) फक्त मूव्हिंग मॅग्नेटचं, म्हणजे एमएमचं इनपुट आहे, ४० डेसिबेल गेनचं. म्हणून ओळखीतून एक जुना जपानी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज आधीच वाढवून देणारी डबी, मिळवला. त्याचा रेशो १:४० आणि डबीवर '३ ओहम' असं छापलेलं. आवाज मोठा येतो, पण डग्ग्यात दम नाही आणि तानपुरा कोंडल्यासारखा वाटतो. वर थोडी घूं आहेच. एक जण सांगतो, कार्ट्रिज ४० ओहमची म्हणजे ट्रान्सफॉर्मरही ४० ओहमचाच हवा. दुसरा सांगतो, शंभर ओहमच्या खाली जायचंच नाही. तिसरा म्हणतो, ट्रान्सफॉर्मर काढून टाका आणि हेडअँप (हेच काम विजेवर करणारा छोटा अँप) घ्या. आता नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच तर १:१० घ्यावा की १:२०?

मी सव्वीस वर्षं पुण्यात टर्नटेबल आणि व्हॉल्व्ह अँप्लिफायर दुरुस्त करतोय. हा प्रश्न घेऊन माणसं येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. कार्ट्रिजचा कागद हरवलेला असतो आणि फोनो प्रीअँप घरी राहिलेला असतो. ही तीन माहीत असल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तुम्ही तिन्ही सांगितलीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत नेमकं बोलता येईल. एक आधीच सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल: जी लक्षणं तुम्ही लिहिली आहेत ती सगळी बिघाडाशिवाय येऊ शकतात. कार्ट्रिजही चांगली असेल आणि ट्रान्सफॉर्मरही. जोडी जमलेली नाही, एवढंच.

तुम्हाला तिघांनी ओहमचे आकडे सांगितले, पण ते कशाचे ओहम हे कुणी सांगितलं नाही. घोळ तिथून सुरू होतो. इथे तीन निरनिराळे ओहम आहेत. पहिला कार्ट्रिजच्या कॉइलचा स्वतःचा इंपिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा रोध. डीएल-१०३ चा तो ४० ओहम आहे. दुसरा म्हणजे कार्ट्रिजला समोर जाणवणारा लोड. आणि तिसरा फोनो प्रीअँपच्या इनपुटचा, जो एमएमसाठी जवळजवळ सगळीकडे ४७ किलोओहम ठेवलेला असतो. ट्रान्सफॉर्मरला, तारेचा थोडासा रोध सोडला तर, स्वतःचे असे ओहम नसतात. तो खिडकीसारखा असतो. कार्ट्रिजला त्यातून पलीकडचा ४७ किलोओहम दिसतो, पण लहान होऊन दिसतो. किती लहान, ते रेशो ठरवतो.

नियम एकच आहे आणि तो पाठ करण्यासारखा आहे. व्होल्टेज रेशोच्या पटीत वाढतं, आणि पलीकडचा इंपिडन्स रेशोच्या वर्गाने भागला जातो. १:१० मध्ये व्होल्टेज दहापट, पण ४७,००० भागिले १००, म्हणून कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात. १:२० मध्ये वीसपट, आणि ४७,००० भागिले ४००, म्हणजे सुमारे ११८ ओहम. तुमच्या १:४० मध्ये चाळीसपट, पण भागायला १,६०० आले, म्हणून उरले फक्त २९ ओहम.

आता डबीवरचे ३ ओहम. तो ट्रान्सफॉर्मरचा इंपिडन्स नाही आणि लोडही नाही. तो बनवणाऱ्याचा सल्ला आहे: 'या जागी साधारण ३ ओहमच्या कॉइलची कार्ट्रिज लावा.' जुन्या जपानी ट्रान्सफॉर्मरांवर ३ आणि ४० ओहम असे दोन खटके असायचे ते याच अर्थाने. तुमची कार्ट्रिज ४० ओहमची, आणि डबी तीनवाल्यांसाठी बांधलेली.

हे पोटात उतरवायला मी लोकांना गिअरच्या सायकलचं उदाहरण देतो. मोठ्या गिअरवर एका पायडलमध्ये चाक जास्त फिरतं, पण पायडल जड होतं. पायात ताकद असेल तर वेग वाढतो. ताकद बेताची असेल तर कात्रजच्या घाटात मोठा गिअर टाकून काही मिळत नाही, पाय मंदावतात आणि सायकल आहे तिथेच रेंगाळते. ३ ओहमच्या कार्ट्रिजच्या पायात ताकद आहे, ४० ओहमच्या पायात ती कमी आहे. रेशो हा गिअर.

आता हिशेब करू. डीएल-१०३ चं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. कॉइलचे ४० ओहम आणि समोरचा लोड मिळून व्होल्टेजची वाटणी होते. लोडच्या वाट्याला जे येतं तेवढंच पुढे जातं. १:१० वर ४७० ला ५१० ने भागा, ०.९२ आले. म्हणजे ०.३ × १० × ०.९२, सुमारे २.८ मिलिव्होल्ट. १:२० वर वाट्याला पाऊणच भाग येतो, तरी हातात ४.५ मिलिव्होल्ट पडतात. आणि १:४० वर? २९ ला ६९ ने भागलं की ०.४२. ०.३ × ४० × ०.४२ म्हणजे ५.१ मिलिव्होल्ट.

हा शेवटचा आकडा नीट बघा. विसाचे चाळीस केले, रेशो दुप्पट झाला आणि आवाज वाढला जेमतेम एक डेसिबेल. मुळात या कार्ट्रिजला ४७ किलोओहमसमोर सगळ्यात जास्त व्होल्टेज १:३४ च्या आसपास मिळतं. त्यापुढे रेशो वाढवला की आउटपुट उलट उतरायला लागतं. तुम्ही शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर आहात.

१:३४ ला समोरचा लोड बरोबर ४० ओहम होतो. म्हणजे 'चाळिसाला चाळीस' सांगणाऱ्या तुमच्या मित्राचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. स्रोत आणि लोड सारखे असले की जास्तीत जास्त शक्ती पलीकडे जाते, हा खरा नियम आहे, आणि लांब टेलिफोन लाइनींच्या काळापासून तो लोकांच्या डोक्यात बसला आहे. पण फोनो प्रीअँपला शक्ती नको असते, स्वच्छ व्होल्टेज हवं असतं. इंपिडन्स सारखा करताना अर्धं व्होल्टेज कॉइलमध्येच राहतं, आणि त्याहून मोठी किंमत दोन्ही टोकांच्या सुरांत मोजावी लागते. तुमची तक्रार त्या दोन टोकांचीच आहे. म्हणून तिथे जरा थांबू.

आधी डग्गा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वाइंडिंगला, म्हणजे कार्ट्रिजकडच्या गुंडाळीला, इंडक्टन्स असतो. वरच्या सुरांना तो अडथळा करत नाही, पण सूर जसा खाली जातो तशी ती वाइंडिंग सिग्नलला जवळची पळवाट देऊ लागते. कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून, हे इंडक्टन्सवर, आणि कार्ट्रिजचे व समोरच्या लोडचे ओहम समांतर धरून ठरतं. कॉइलचे ओहम जितके जास्त, तितकी ही गळती वरच्या सुरापासून सुरू होते. ३ ओहमसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फेरे कमी असतात, म्हणून इंडक्टन्सही कमी. समजा तो ५० मिलिहेन्री आहे. त्याला ३ ओहमची कार्ट्रिज लावली तर ३ डेसिबेलची घट साधारण ९ हर्ट्झला येते, म्हणजे संगीताच्या पार खाली. त्याच डबीला तुमची ४० ओहमची लावली की ती घट सुमारे ५४ हर्ट्झला येते.

५४ हर्ट्झ ऐकून काही जण म्हणतात, एवढ्या खाली आपलं काय असतं? असतं. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. वरच्या उदाहरणात त्या खर्जावर दोन डेसिबेल गेलेले असतील. ती तार 'ऐकू येत नाही' असं होत नाही, पण तिने धरलेली जमीन सुटते. डग्ग्याच्या घिश्श्यात सूर खालून वर ओढला जातो तेव्हा त्याचा खालचा मुक्काम पातळ होतो आणि वरचा तेवढा उरतो. यालाच तुम्ही 'दम नाही' म्हणालात. अचूक शब्द आहे.

आता कोंडलेला तानपुरा. इथे उलट्या दिशेने बघायचं. प्रीअँपकडून मागे बघितलं तर कार्ट्रिजचे ४० ओहम रेशोच्या वर्गाने गुणलेले दिसतात. १:४० वर ४० × १,६०० म्हणजे ६४ किलोओहम. प्रीअँपचे ४७ त्याला समांतर, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे २७ किलोओहम. सेकंडरीपासून (प्रीअँपकडच्या गुंडाळीपासून) प्रीअँपपर्यंतची केबल आणि प्रीअँपचं इनपुट मिळून ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर नुसत्या एवढ्याने २० किलोहर्ट्झच्या जवळ ३ डेसिबेलची घट होते. त्यात सेकंडरी वाइंडिंगचा स्वतःचा कपॅसिटन्स मिळवा. तो आणखी ३०० पिकोफॅरड असला तर घट १० किलोहर्ट्झवरच येते. जवारी ऐकू येते ती तारेच्या वरच्या स्वनांच्या झुंडीतून. त्या झुंडीची वरची फळी कापली की तानपुरा पेटीत बंद केल्यासारखा वाटणारच. हाच हिशेब १:२० वर केला तर ३०० पिकोफॅरडला घट ४४ किलोहर्ट्झच्या आसपास जाते, आणि १:१० वर शंभर किलोहर्ट्झच्याही पुढे. म्हणजे तिथे केबल जरा लांब झाली तरी काही बिघडत नाही.

तर आतापर्यंतचं एवढं झालं: तुमच्या कार्ट्रिजला १:४० वर आवाज जवळजवळ १:२० एवढाच मिळतो, खालचा आणि वरचा सूर मात्र दोन्हीकडून कापला जातो. आणि 'शंभर ओहमच्या खाली नको' हे डीएल-१०३ पुरतं बरोबर आहे. डेनॉनचा सल्ला किमान १०० ओहमचा आहे. १:१० आणि १:२० दोन्ही त्यात बसतात, १:४० बसत नाही.

मग १:१० की १:२०? इथे मी एकच उत्तर देणार नाही, कारण ते तुमच्या बाकीच्या साखळीवर आणि थोडं कानावर अवलंबून आहे. १:१० ने २.८ मिलिव्होल्ट दिले, ४० डेसिबेलच्या प्रीअँपने त्याचे शंभरपट केले, तर बाहेर साधारण पाव व्होल्ट आला. पुढे लाइन प्रीअँप किंवा इंटिग्रेटेड अँप चांगल्या गेनचा असेल तर हे पुरतं, फक्त व्हॉल्यूम थोडा जास्त फिरवावा लागतो. पुढे नुसता पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल असेल किंवा पॉवर अँपला जास्त व्होल्टेज लागत असेल, तर १:१० वर तुम्ही व्हॉल्यूम टोकाला नेऊन बसाल आणि फोनो प्रीअँपची सरसर पुढे येईल. मग १:२० घ्या.

आपल्या रेकॉर्डांचाही विचार करा. आपल्या शास्त्रीय एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा एक राग असतो. बाजू जितकी लांब तितक्या चरी एकमेकींना खेटून कापाव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. आलापात तर ती आणखी खाली असते. जुना बाजारातून आणलेली रेकॉर्ड असेल तर खरखर वेगळीच. असा संग्रह असणाऱ्यांना मी बहुतेक वेळा १:२० सुचवतो. पातळी वर येते, ११८ ओहमच्या लोडने आवाज थोडा धरून राहतो, आणि ही कार्ट्रिज तशी ऐकायला मला स्वतःला आवडते. १:१० वर ती जास्त मोकळी आणि उजळ वाटते. ज्यांचे स्पीकर मऊ आवाजाचे आहेत त्यांना ते रुचतं. दोन्ही पर्याय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. १:४० तसा नाही, हा फरक मात्र लक्षात ठेवा.

१:१० घेतला आणि उजळपणा जास्त वाटला तर ट्रान्सफॉर्मर बदलावा लागत नाही. सेकंडरीच्या बाजूला, प्रीअँपच्या इनपुटला समांतर १५ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ४७ आणि १५ मिळून ११.४ किलोओहम होतात, आणि कार्ट्रिजला ४७० ऐवजी ११४ ओहम दिसतात. आउटपुट सुमारे दोन डेसिबेल उतरतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मिळतात. दोन्ही चॅनेलना मोजून सारखे निवडा. रेझिस्टर प्रायमरीपेक्षा सेकंडरीवर लावणं मी पसंत करतो, कारण तिथे तो ट्रान्सफॉर्मरलाही लगाम घालतो. काही ट्रान्सफॉर्मर वरच्या टोकाला कपॅसिटन्सशी मिळून उसळी घेतात. सेकंडरीवरचा लोड ती उसळी बसवतो.

दुसऱ्या कार्ट्रिजना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. डीएल-१०३आर चे १४ ओहम आहेत. त्या ०.२५ मिलिव्होल्टला १:२० वर साधारण ४.५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे आउटपुट कमी असूनही मोठ्या बहिणीइतकेच, कारण तिचं कॉइलमध्ये वाया कमी जातं. ऑर्टोफॉनच्या एसपीयू घराण्यातल्या बहुतेक कार्ट्रिजचे ओहम दोनच्या आसपास असतात, त्यांना १:२० किंवा १:३० खुशाल चालतो. आउटपुटचा आकडा वाचताना तो किती वेगाला मोजला आहे तेही बघा. कुणी सेकंदाला ५ सेंटिमीटरवर मोजतो, कुणी ३.५४ वर. एकच कार्ट्रिज दोन कागदांवर ०.२ आणि ०.२८ अशी दिसू शकते.

तारेच्या रोधाबद्दल थोडक्यात. मी वर ट्रान्सफॉर्मर आदर्श धरला. प्रत्यक्षात प्रायमरीचे काही ओहम आणि सेकंडरीचे एक-दोन किलोओहम असतातच. समजा १:२० च्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ६ ओहम आणि सेकंडरी दीड किलोओहम आहे, तर ४.५ ऐवजी ४.२ मिलिव्होल्ट मिळतील. हरकत नाही. पण स्वस्तातल्या डब्यांमध्ये बारीक तार वापरून हा रोध खूप वाढवलेला असतो, आणि रोध वाढला की सरसरही वाढते. विकत घेताना रेशोबरोबर हे दोन आकडे आणि प्रायमरीचा इंडक्टन्स विचारा. जेन्सन किंवा लुंडालसारखे नुसते ट्रान्सफॉर्मर विकणारे आपली तांत्रिक माहिती उघड देतात. देखणी डबी विकणारे काही जण देत नाहीत. जो आकडे देत नाही त्याच्याकडून मी तरी घेत नाही.

एक चूक इतक्या घरांत बघितली आहे की ती वेगळी सांगतो. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली केबल प्रीअँपच्या एमएम इनपुटलाच जायला हवी. पुढेमागे दोन्ही इनपुट असलेला प्रीअँप घेतलात तर 'कार्ट्रिज एमसी आहे' म्हणून ती एमसी इनपुटला लावली जाते. तिथे इनपुट साधारण १०० ओहमचं असतं. १:२० मधून ते कार्ट्रिजला पाव ओहम दिसतं, म्हणजे जवळजवळ शॉर्ट. आवाज बारीक, वाकडा आणि निर्जीव येतो, आणि माणूस ट्रान्सफॉर्मरला दोष देतो.

आता घूं. ती दोन जागांहून येते आणि ओळखायची रीत सोपी आहे. रेकॉर्ड न लावता व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि ट्रान्सफॉर्मरची डबी हातात धरून सावकाश फिरवा. फिरवताना घूं कमी-जास्त झाली तर जवळच्या एखाद्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आत शिरतंय. बाहेरचं धातूचं कवच ते सगळं अडवू शकत नाही. डबी अँपपासून फूट-दीड फूट दूर न्या, आणि ज्या कोनात घूं सगळ्यात कमी आहे त्या कोनात ठेवा. माझ्याकडे प्रभात रोडवरून एक निवृत्त प्राध्यापक अशीच डबी घेऊन आले होते. माझ्या टेबलावर तिच्यात काहीच दोष निघेना, म्हणून त्यांच्या घरी गेलो. डबी अँपच्या वर ठेवलेली होती, बरोबर पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. खालच्या फळीवर ठेवून आडवी केली आणि काम झालं.

डबी फिरवून फरक पडत नसेल, पण टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) ग्राउंडच्या वायरला हात लावल्यावर पडत असेल, तर प्रश्न ग्राउंडिंगचा आहे. टोनआर्मची वायर डबीच्या ग्राउंडच्या स्क्रूला, आणि तिथून एकच वायर प्रीअँपच्या ग्राउंडला, अशी सुरुवात करा. तरी घूं राहिली तर डबीपासून प्रीअँपकडे जाणारी ती वायर काढून बघा, कारण केबलच्या जाळीतून आधीच जोडणी होऊन वळसा तयार झालेला असू शकतो. पेठांमधल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तारच नसते, हे मी कित्येकदा बघितलं आहे. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. घूं जाते म्हणून अँपची अर्थची पिन कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे तो. आणि वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर असेल, इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल, तर त्या वेळची भुणभुण ट्रान्सफॉर्मरच्या माथी मारू नका.

केबलचं एक गणित उलटं आहे, म्हणून सांगतो. टोनआर्मपासून डबीपर्यंतच्या केबलचा कपॅसिटन्स फारसा त्रास देत नाही, तिथे जोडण्या स्वच्छ हव्यात. डबीपासून प्रीअँपपर्यंतची केबल मात्र आखूड आणि कमी कपॅसिटन्सची हवी, अर्धा मीटर पुष्कळ. पावसाळ्यानंतर हेडशेलच्या पिना आणि आरसीए प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ०.३ मिलिव्होल्टच्या सिग्नलला तो काळपट थरही जाणवतो.

जुन्या डबीचा रेशो खरंच १:४० आहे का याची खात्री करायची असेल तर घरीही करता येते. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सूर लावा, कारण साधे मल्टिमीटर त्याच्या वर एसी व्होल्टेज नीट दाखवत नाहीत. हेडफोनच्या आउटपुटला १ किलोओहम आणि १० ओहम एकामागे एक जोडा, आणि १० ओहमच्या दोन टोकांवरून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सिग्नल द्या. मोबाइलमधून ५०० मिलिव्होल्ट येत असतील तर प्रायमरीला साधारण ५ मिळतील, आणि सेकंडरीला काहीही न जोडता २०० च्या जवळ आले तर रेशो १:४०. या वेळी कार्ट्रिज पूर्ण काढून ठेवलेली असू द्या. मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर कार्ट्रिज किंवा ट्रान्सफॉर्मर मोजू नका. मीटरमधला डीसी प्रवाह कार्ट्रिजच्या केसासारख्या तारेला इजा करू शकतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला चुंबकत्व देऊन जातो.

दोन रेशो ऐकून निवडायची संधी मिळाली तर एक पथ्य पाळा. १:१० आणि १:२० मध्ये या कार्ट्रिजला चार डेसिबेलचा फरक आहे, आणि जो मोठा तो कानाला चांगला वाटतो. व्हॉल्यूम जुळवल्याशिवाय केलेली तुलना धरू नका. टेस्ट रेकॉर्ड असेल तर त्यावरच्या सुराला प्रीअँपच्या पुढचं व्होल्टेज मीटरने सारखं करून घ्या. नंतर एकच बाजू ऐका, विलंबित ख्यालाची, ज्यात तानपुरा सतत आहे आणि डग्गा मोकळा वाजतो. पहिल्या पाच मिनिटांत मत बनवू नका.

हेडअँपबद्दल. चांगला हेडअँप ट्रान्सफॉर्मरपेक्षा हलक्या दर्जाचा असतो असं मी मानत नाही. त्याच्यात रेशोची कटकट नाही आणि बाहेरचं चुंबकीय क्षेत्रही तो तितकं ओढून घेत नाही. पण तुमच्याकडे एमएमचा प्रीअँप आधीच चांगला आहे. ट्रान्सफॉर्मरला वीज लागत नाही, ट्रान्झिस्टरची सरसर तो मिळवत नाही, आणि योग्य रेशोचा असला की वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही. प्रीअँपच बदलायचा विचार असेल तर एमसी इनपुट असलेला घ्या आणि हा विषय मिटवा. तसा नसेल तर ट्रान्सफॉर्मरचा मार्ग बरोबर आहे.

नवी डबी घेण्याआधी एक फुकटचं काम करा. सुईचा दाब २.५ ग्रॅम आहे का ते मोजा. ही कार्ट्रिज कडक सस्पेन्शनची आहे, तिला जरा वजनदार आर्म मानवतो. फार हलक्या आर्मवर तिचा खालचा सूर डळमळतो, आणि ते दुखणं कुठलाच ट्रान्सफॉर्मर बरं करणार नाही. तुमचा आर्म कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

आणि ती ३ ओहमची डबी मोडीत काढू नका. तिच्यात दोष नाही, ती दुसऱ्या घराण्याची आहे. ओळखीत कुणाकडे एसपीयू किंवा तशी दोन-तीन ओहमची कार्ट्रिज असेल तर एका संध्याकाळी तिथे घेऊन जा आणि लावून बघा. आउटपुट ७ मिलिव्होल्टच्या आसपास जाईल, तेवढं त्यांच्या प्रीअँपला झेपतं का ते आधी विचारा. झेपत असेल तर डग्ग्याचा जो घिस्सा तुमच्याकडे पातळ वाजतो, तो त्याच डबीतून तिथे भरून येताना ऐकायला मिळेल.